एक लांब, दोन आखूड

ब्रिन माझ्या पाठीला रंग लावतेय,
स्पंजनं, कुंपणाला लावावा तसा.
"मावशी, हलू नकोस."
जन्मभर लोक मला हेच सांगत आलेत,
हसत हसत सांगणारी ही पहिलीच.
मीही हसते. हसताना डावा खांदा उडतो
आणि एक ओघळ थेट चाकाच्या कडीवर.
आता हात लावीन तिथं मी उमटणार.

डुलुथ, एप्रिल. सरोवरात अजून बर्फाच्या लाद्या.
हंगामातली पहिली खनिजाची बोट यायची आहे.
हॉटेलच्या मागच्या खोलीत आम्ही बावीस जण,
कालपासून पाण्यावाचून,
तांदळाच्या कोरड्या चकत्या चघळत,
एकमेकांचा रंग पुसला जाऊ नये म्हणून
लांब लांब उभे.
मी सोडून. मी बसलेली.

व्हीलचेअर गट, महिला: स्पर्धक एक.
पहिली मीच, शेवटचीही मीच.
"मग ही हरवणार कुणाला?"
नोंदणीच्या टेबलावरच्या बाईनं विचारलं,
ब्रिनला.
माझं उत्तर जुळायला वेळ लागतो,
जीभ हाही स्नायूच.
तोवर रांग पुढं सरकली.

सांगायचं होतं ते असं:
बाई, इथले सगळे वर्षभर आवळायला शिकतात.
मी आवळलेलीच आले,
सात आठवडे आधी, श्वास विसरून.
कुणीतरी माझ्या मांड्यांना "सावधान" म्हणालं
आणि "विश्राम" म्हणायचं राहून गेलं.

आई रोज रात्री टाच धरून
माझा पाय सरळ करायची,
सायकलची अडकलेली चेन सोडवावी तसा,
तोंडानं मोजत: युक्सी, काक्सी, कोल्मे.
विसावर सोडायची.
तिच्या माहेरच्या भाषेतले
मला हे वीसच शब्द येतात.

व्हर्लिन, माझा कोच, तीस वर्षं गोदीवर काढलेला,
पहिल्याच दिवशी म्हणाला,
"वजन उचलायला मी शिकवीन.
खाली ठेवायला तुझं तुलाच शिकावं लागेल."
त्यातच नऊ वर्षं गेली.
बोटं दांडा सोडायची नाहीत.
भीतीनं नव्हे, जिद्दीनं तर नव्हेच.
तो एकेक बोट उकलायचा, शेंग सोलल्यासारखं,
आणि बेसबॉलबद्दल बोलत राहायचा.

मंचाला उतार केलाय, पण वर बोटभर फट राहिलीय.
पुढची चाकं अडतात, सुटतात.
निवेदक पुकारतो, "एली कोस्केला!"
ऐली. असो.
मग "प्रेरणा" हा शब्द, दोनदा.
दंडाबद्दल अवाक्षर नाही.
दंड बघा ना. पाठ बघा.
उजवा साडेतेरा इंच.
डावा बारा, तोही माझाच.

समोरून दोन्ही दंड. धरते.
दिवे. कुणीतरी खोकतं.
आणि बाहेर, कालव्यात, पुलाखालून
बोट आत येते:
एक लांब, दोन आखूड.

लहानपणापासून हा भोंगा माझ्या अंगातून जातो.
शाळेत दूध सांडायचं, चर्चमध्ये मेणबत्ती.
आताही हात उडाले, मान फिरली,
पट्ट्यांखाली पाय थडथडले.
आरशासमोर घोटलेलं सगळं गेलं.
एका परीक्षकानं पेन खाली ठेवलं. काळजीनं.
त्या काळजीचा मला फार राग आला.

पण पूल उत्तर देतो. देतोच, रिवाज आहे.
एक लांब, दोन आखूड.
या खेपेला मला ठाऊक होतं.
मी उडाले, आणि उडाले तिथंच
धरलं.
डावा हात कानामागं, उजवा छताकडे वाकडा,
कुठल्याच नियमावलीत नसलेली पोज.
युक्सी. काक्सी. कोल्मे.
विसापर्यंत.

मग ज्याला गुण नसतात ते केलं:
बोटं सोडली. खांदा सोडला. मांडी,
नाही, मांडी नाही सुटली.

चषक प्लास्टिकचा, त्यावर माझे तपकिरी ठसे.
विंगेत ब्रिन रडत होती, रंगाचे हात डोळ्यांना लावत.
मी म्हटलं, "मला. आधी. पाणी. दे."
चार शब्द.
चौथा येईपर्यंत ती थांबली.