नेलपॉलिशचे ठिपके

ग्लासगो, चौथा मजला.
मोरॅगबाईंनी नवऱ्याचा अ‍ॅम्प विकला :
चाळीस पौंड, उतरवायचा तुझा तू.
बटणांभोवती लाल नेलपॉलिशचे ठिपके.
"इथंच लावायचा तो. हलवू नकोस."

घरी कोपऱ्यात टेकवला, ठिपक्यांवर लावला,
तर जाडी तार नुसती घोंगावते,
कपाटातल्या बश्या माझ्याआधी वाजतात.

भिंतीपासून हातभर ओढला,
खाली जुना टायर सरकवला.
बास बराच उतरवला, मिड जरा चढवला.
आता एकेक सूर
पाय रोवून उभा.

त्यांच्याकडे गालिचा जाड होता,
पडदे पायघोळ,
आवाज पीत बसलेले.
त्या ओला ब्रश धरून वाकलेल्या,
तो बटण फिरवत : अजून, अजून... हं, बास.

स्पिरिटची बाटली आहे घरात.
पुसले नाहीत.