हवा काढताना

इंदोऱ्यात, दुपारी दीडला,
तापल्या पान्याला फडकं गुंडाळून
उकेकाकांनी नवी ब्रेकनळी कसली.
तांब्याचे वायसर दोन्ही नवे.
"जुने लावू नको बे, रडतात."

मग मी लिव्हरवर, ते निपलपाशी.
दाब. धर. सोड.
बाटलीत बुडबुडे येतच राहिले.
एवढी हवा कुठे दडून होती?

एक थेंब टाकीवर उडाला,
त्यांनी प्यायचं पाणी ओतलं त्यावर.
लाल रंग वाचला.

दाब. धर.
किती वेळा, कोण मोजतंय.
कालपर्यंत हँडलला टेकणारी लिव्हर
अर्ध्यातच अडली,
बोटांखाली टणक.

"आता थांबशील नं ऑटोमोटिव्ह चौकात,"
हात पुसत ते म्हणाले.

मंगळवारचं तर मी
कुणालाच सांगितलं नव्हतं.