गिनीकोंबडीची नोंद

पहिल्या शनिवारी चाळीस जण आले.
टी-शर्ट होते, जोलोफ भात होता, इंटरनेट फुकट होतं.
तमालेच्या अध्यापक विद्यालयातल्या त्या खोलीत
खुर्च्या पुरेनात, म्हणून वुम्पिनी
जनरेटरच्या खोक्यावर बसली.
दुसऱ्या शनिवारी आम्ही सात.
तिसऱ्या शनिवारी मी, नेन्दू आणि पंखा;
वीज गेलेली, त्यामुळे पंखाही नुसता हजेरीपुरता.

चालायचंच, नेन्दू म्हणाला.
तो कशालाही हेच म्हणायचा.
पेट्रोल पंपावर रात्रीची राखण करता करता
मोबाइलवर दोन अंगठ्यांनी
त्यानं आमच्या भाषेत लिहिलं:
शिआचं झाड, हिवताप, गुरुत्वाकर्षण,
अरुंद पट्ट्या विणून, मग जोडून शिवतात तो सदरा.
आमचं एक अक्षर कीबोर्डावर नव्हतंच,
नाकातून निघणारं, ङ च्या कुळातलं.
दर वेळी ते तो दुसरीकडून उचलून आणायचा,
कार्याला शेजारचं पातेलं आणावं तसं.

मग त्याला अक्राला नोकरी लागली.
निरोपाला सगळे होतो, म्हणजे चौघं.
जाताना त्यानं माझ्या हाती चाव्या दिल्या:
पुसायची, अडवायची, उलटवायची.

खोटं कशाला बोलू, मला झाडलोट आवडते.
मी वॉर्डातली रात्रपाळीची नर्स,
चादरीला सुरकुती दिसली की हात शिवशिवतात.
संदर्भ नाही? पुसलं.
शब्द वाकडा? उलटवला.
महिन्याभरात सगळं लख्ख झालं
आणि कुणी म्हणून फिरकेना.

फक्त येंडीकडचा कुणीतरी,
नावाच्या जागी नुसते आकडे,
गिनीकोंबडीच्या नोंदीत रोज एकच शब्द बदलायचा.
तो बदलायचा, मी उलटवायचे.
नऊ वेळा.
अडवायची चावी मी काढूनच ठेवली होती.
दहाव्या वेळी बदलाच्या कारणात ओळ आली:
आमच्याकडे अंडी गोळा करताना असंच म्हणतात.
तुमच्याकडे कोण गोळा करतं?

पहाटेचे तीन. सहा नंबरच्या पोराचा ताप उतरत होता.
आमच्याकडे कुणीच नाही गोळा करत.
मी अंडी दुकानातून आणते, क्रेटमधली.

दोन्ही शब्द ठेवले. मध्ये स्वल्पविराम.

दुसऱ्या दिवशी तिथं अख्खा परिच्छेद उगवला:
गिनीकोंबडी गवतात कुठंही अंडी घालते, नि विसरते.
मग ती साध्या कोंबडीखाली ठेवतात.
ती बसते. मोजत नाही, विचारत नाही.
पिलं निघतात ती तिच्यासारखी दिसत नाहीत,
तरी त्यांच्यासाठी माती उकरते.
ओल बाधली तर विसातली सहा जगतात.
यंदा आमची आठ.
खाली: संदर्भ – तिपाग्या, इयत्ता आठवी, स्वतः पाहिलंय.

म्हणजे तो नव्हताच. ती होती.
‘यंदा आमची आठ’ हे ज्ञानकोशात बसत नाही.
ते काढलं, पण आधी तिला विचारून.
बाकीच्याला ‘संदर्भ हवा’ अशी चिठ्ठी लावली
आणि राहू दिलं. चिठ्ठी अजून आहे.
परवा मध्यरात्री अक्राहून कुणीतरी येऊन
त्यातली एक वेलांटी नीट करून गेलं.
मी ओळखलं. बोलले नाही.

आज शनिवार. टी-शर्ट केव्हाच संपले.
अकरा जण आलेत, त्यातल्या दोघी चुकून,
त्यांना वाटलं शिवणवर्ग आहे.
त्यांनाही बसवलंय, शेंगदाणे पुढे केलेत.
त्यातली एक, साम्पा, वुम्पिनीच्या खांद्यावरून
मघापासून पडद्याकडे बघतेय,
नेन्दूच्या त्या सदऱ्याच्या नोंदीकडे.
हे कुणी लिहिलं, ती विचारते,
पट्ट्या अशा जोडल्या तर पहिल्याच धुण्यात उसवतील.

माझा हात सवयीनं चाव्यांकडे जातो.
मग मी उठून तिला माझी खुर्ची देते.