खिडकी क्रमांक तीन

पारोळ्याचं पोस्ट. काचेमागे नवा बाबू,
दूरच्या राज्यातला,
गुणवत्ता यादीत माझ्या वर एकोणीस नावं सोडून.
काचेबाहेर मी. बिनपगारी.

केवळाबाई विचारते,
"मन्हा आंडोरना पैसा उनात का रे भो?"
तो माझ्याकडे बघतो.
मी अहिराणीची हिंदी करतो, हिंदीची परत अहिराणी,
आणि मधल्यामधे मराठी,
जिच्यात माझा अधिवास दाखला आहे,
हाताची घडी घालून उभी.

जाहिरात दिल्लीहून निघालेली.
'स्थानिक भाषेचं ज्ञान' हा रकाना होता तिच्यात.
दोघांनीही 'होय' लिहिलं होतं.

दुपारी शटर अर्धं ओढून
त्याने कळण्याची भाकर मोडली, घरमालकिणीने दिलेली.
अर्धी माझ्याकडे सरकवली.
विचारलं, तुमच्या गावच्या खिडकीत कोण बसतं?
म्हणाला, कुणी जळगावकडचा.
आईला त्याचं बोलणं कळत नाही.
दर महिन्याला पेन्शनची पावती मला फोनवर वाचून दाखवते.

मग त्याने वही काढली.
मी सांगत गेलो: शे म्हणजे आहे.
उनात म्हणजे आले.
उनात नही म्हणजे...

"ते राहू दे," तो म्हणाला,
"ते पहिल्याच दिवशी शिकलो."