दोन रिंगा

साडेतीनचा चहा येतो
तेव्हा हाताला कळत नाही कुठं जायचं.
बावीस वर्षं त्याची वाट ठरलेली:
खिसा, पाकीट, काडी, ओठ.
आता तो खिशापर्यंत जातो,
चाचपतो, आणि माघारी येतो
वडगावच्या बाजारातून
न विकता परत आणलेल्या म्हशीसारखा.

बाळगोंडा, तुझा आज तिसरा दिवस.
तिसरा वाईट असतो. कुणी सांगत नाही म्हणून सांगतो.
आज तुला फोरमनचा राग येईल,
ड्रिलच्या बिटाचा येईल,
माझा तर येईलच.
येऊ दे. शिव्या दे.
उद्यमनगरात एवढा खडखडाट आहे,
त्यात तुझ्या दोन-चार खपून जातील.

मलाही दस्तगीरनं असंच सांभाळलं.
फौंड्रीतला माणूस, भट्टीच्या तोंडाशी आयुष्य गेलेलं.
म्हणायचा, "धुराला पैसे कशाला देतोस मर्दा,
माझ्याकडं ये, फुकट आहे."
हसता हसता खोकायचा,
खोकता खोकता खाली बसायचा.
हाच माणूस एके काळी पंचगंगेत
एका दमात बुडी मारून
पल्याडच्या दगडाला हात लावायचा.
असं तो सांगतो.
तो दगड दरवर्षी थोडा लांब सरकतो.

दोघांनी एकाच सोमवारी सोडली.
ठराव साधा:
तलफ आली की एक रिंग द्यायची, उचलायचं नाही.
दुसऱ्यानं उलट दोन द्यायच्या.
एक म्हणजे, आली.
दोन म्हणजे, मी आहे.
तलफ असते पाच-सात मिनिटांची,
आपण तिला जन्माची समजून
पाट मांडतो, ताट वाढतो.

कोपऱ्यावरच्या टपरीत मालूताई.
तिनंही त्याच महिन्यात मिश्री टाकली.
बरण्यांमागं पाकिटं तशीच रचलेली,
पण आम्ही दिसलो की
तळहातावर बडीशेप ठेवते.
"माझं गिऱ्हाईक मीच मारतीया," म्हणते
आणि हसते. दात अजून काळेच,
पण कडेनं उजाडायला लागलेत.

एकेचाळिसाव्या दिवशी दस्तगीरचा भाऊ गेला.
माती देऊन झाल्यावर, कब्रस्तानाच्या भिंतीशी
कुणीतरी पुढं केली, त्यानं घेतली.
रात्री माझ्या दारात उभा, आत येईना.
"एकेचाळीस दिवस गेले पाण्यात."
मी म्हटलं, शंभर नगांत एक रिजेक्ट निघाला
तर शंभरही भंगारात टाकतोस काय?
तो गप्प.
मलाही वाटलं, उगाच शहाणपणा केला.

मग चालत गंगावेशीत गेलो.
म्हशी उभ्याच होत्या. गवळ्यानं पेल्यात धार सोडली.
मिशीला फेस लागला तसा म्हणाला,
"वास येतोय रे."
कशाचा?
"म्हशीचा. शेणाचा. सगळ्याचा."
आणि रडला.
भावासाठी की त्या वासासाठी,
मी विचारलं नाही.

मला आधी कटिंग ऑइलचा आला होता,
माझ्याच शर्टाचा, आणि लाज वाटली.
मग थंडीत, एस्टीच्या खिडकीतनं, गुऱ्हाळाचा.
असा शेजारी येऊन बसला
की मी कंडक्टरला
दोन तिकिटं म्हणणार होतो.

तुला कशाचा येईल, ठाऊक नाही.
येईल, एवढं खरं.
तोवर माझा नंबर पाठ कर,
मोबाइल हरवतो, डोकं जागेवर असतं.
मी रात्रपाळीत असेन, जेवत असेन,
बायकोशी भांडत असेन, तरी वाजव.
आणि कधी माझा वाजला तर
तू नवा आहेस म्हणून मागं राहू नकोस.

परवा रात्री दोनला वाजला. एकदाच.
अंधारात चाचपून मी दोन दिल्या.
पुन्हा वाजला, थांबेना. घाबरून उचलला.
"तलफ नव्हती," दस्तगीर म्हणाला,
"नुसता वाजवून बघितला.
झोप."