वहिवाट

सबनीसांना घरात निसर्ग हवा होता.
मोबाइलमध्ये फोटो होते, बहुतेक बाली बेटावरचे:
जिन्याखाली गोटे, भिंतीवरून ओघळणारं पाणी,
बटण दाबलं की सुरू,
पाहुणे गेले की बंद.
प्लॉट पाषाणला, टेकडीच्या पायाशी, साडेतीन गुंठे.
मी मान हलवली. फी ठरली.

मार्च सरता सरता पाया खणायला घेतला.
वर मुरूम, खाली काळा दगड, पहारीला ठिणग्या,
आणि त्या सगळ्या कोरडेपणातून
देवघराच्या जागेपासून थेट मोठ्या बेडरूमपर्यंत
चपलेएवढ्या रुंदीची ओल.

यल्लाप्पा मुकादम खड्ड्यात उतरले,
चिमूटभर माती चोळली, हुंगली.
"बाई, हितं पाणी चालतंय."
सर्व्हेत तर काहीच नाही, मी म्हटलं.
"सर्व्हेवाल्याचं पाय बुटात असत्यात."

तेव्हा कुठे मला उंबर दिसला.
होता तो आधीपासूनच, कंपाउंडला लागून,
धुळीत उभा, भर उन्हात हिरवा.
नकाशात मी त्याच्यापुढे नुसतं 'झाड' लिहिलं होतं.

त्या रात्री पिवळ्या ट्रेसिंगवर
घर मधोमध उसवलं.
अलीकडे चूल, पलीकडे झोप,
मध्ये पाच फूट काहीच नाही:
वर आभाळ, खाली सुटे दगड,
सिमेंटचं बोटही न लावलेले.

सबनीसबाईंनी विचारलं,
"म्हणजे रात्री तहान लागली तर बाहेरून जायचं?"
हो.
"छत्री घेऊन?"
चार महिने, हो.
त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, "यांचं रात्री फ्रिज उघडणं तरी कमी होईल."

त्यांचा मेव्हणा बिल्डर. त्यानं मला फोनवर
वाया गेलेल्या दीडशे फुटांचा भाव ऐकवला,
वर विचारलं, पाण्याची वहिवाट
कुठल्या सातबाऱ्यावर असते, मॅडम?
भाव खोटा नव्हता.
दुसऱ्याचं उत्तर मला आलं नाही.

दारांना उंबरे घेतले, चार बोटं उंच.
नर्सरीतून आणलेले नेचे जगले नाहीत.
न आणलेले आले,
दगडांच्या सांदीतून, कुणाला न विचारता,
आणि त्यांच्यामागून तेरडा.

परवा रात्री अकराला सबनीसांचा फोन.
"मध्ये बेडूक बसलाय. मोठा. हलत नाही."
तुम्ही कुठे निघाला होता?
"...फ्रिजकडे."
मग दोघंही गप्प.
फोनमधून पाणी ऐकू येत होतं,
बटण नसलेलं.

हाकला ना, मी म्हटलं.
"नको," ते हळूच म्हणाले,
"बसलोय मी पण. उंबऱ्यावर."