रकाना सात

डीनच्या कचेरीतून फॉर्म आला आहे.
रकाना सात : जर्मन शिकवण्याचे उद्दिष्ट.
पन्नास शब्दांत. शुक्रवारपर्यंत.
पुढच्या वर्षी आमचा विभाग
'जागतिक व्यवसाय संवाद' मध्ये विरघळेल म्हणतात,
साखरेसारखा की मिठासारखा, ते सांगत नाहीत.

देगूत थंडी पडली आहे. वर्गात हीटर एक, मुलं सात.
हान्सोल रात्रभर तळलेल्या कोंबडीची पार्सलं पोचवतो
आणि विभक्त्यांवर डोकं टेकून झोपतो.
मी उठवत नाही. चतुर्थी कुठे पळून जात नाही.

मागच्या बाकावर पांग ओक-बुन, वय अठ्ठ्याहत्तर.
विशीत नर्स म्हणून जर्मनीला गेल्या,
भाषा खाटेखाटेपाशी उभ्यानं शिकल्या :
कुशीवर वळा. श्वास घ्या. कुठं दुखतंय?
सगळा आज्ञार्थ आणि वर्तमानकाळ.
आजी, तुम्हाला तर सगळं येतं, मी पहिल्या दिवशी म्हटलं.
हातमोजे काढत म्हणाल्या,
"जर-तर येत नाही."

मार्चमध्ये निघालो, तिथवर पोचायला डिसेंबर उजाडला.
फळ्यावर लिहिलं :
हाटे, म्हणजे होतं. हेटे, म्हणजे असतं तर.
फरक अक्षराच्या डोक्यावरच्या दोन टिंबांचा.
मुलांनी वाक्यं केली.
माझ्याकडे मोटार असती तर. परीक्षा नसती तर.
ओक-बुनबाई लिहीत होत्या, खोडत होत्या,
क्रियापद ओढत ओढत वाक्याच्या टोकाला नेत होत्या.

वही माझ्याकडे आली.
त्या विमानात मी बसले नसते तर
तुझा कोट माझ्या खुंटीला
आणि पुढे, टिंबांविना : होता.

लाल पेन उघडून मी बराच वेळ बसले.
चूक होती की नव्हती, विचारलं नाही.
एवढंच विचारलं, की हे कोरियनमध्येही म्हणता येतं ना?
"येतं की," त्या म्हणाल्या,
"पण ते घरात सगळ्यांना कळतं."

आज गुरुवार.
रकान्यात मी 'रोजगारक्षमता' लिहिलं आहे.
मोजला, एक शब्द.
उरलेले एकोणपन्नास
हान्सोल जागा होईपर्यंत
सापडले तर सापडले.